पुढच्या तारखेचा चेक आणि पासबुकातल्या तीन ओळी

‘मह्या खात्यातले पैसे काहून कापले?’ परभणी जिल्ह्यातल्या आमच्या शाखेत हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतंच. बहुतेक वेळा उत्तर चटकन देता येतं: एटीएम कार्डाचे वर्षाचे पैसे, एसएमएसचे पैसे, नाहीतर विम्याचा हप्ता. जानेवारीतल्या त्या सोमवारी मात्र एकाच खात्याचा उलगडा करण्यात माझी दुपार गेली.

साठीच्या आसपासचे शेतकरी. शाखेत आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. पासबुक छापून घेऊन ते माझ्या टेबलाशी आले आणि शेवटच्या तीन ओळींवर बोट ठेवलं. ५ तारखेला १७७ रुपये, ८ तारखेला ५९०, १० तारखेला २९५. शिल्लक ४,२०० ची ३,१३८ झालेली.

“मॅडम, म्या तर एक रुपाया काढला न्हाई. उलट एक लाख ऐंशी हजाराचा चेक टाकला. ते पैसे कुठं गेले?”

ते पैसे आलेच नव्हते.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस कोसळला, त्यात मामांचा कापूस भिजला. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असला की माल घेत नाहीत. वाळवून, निवडून, रांगेत गाडी लावून थांबायची ताकद घरात नव्हती. दारात आलेल्या व्यापाऱ्यानं दोन भाव सांगितले: रोख हवे असतील तर क्विंटलला ६,९००, दोन महिन्यांनी चालत असेल तर ७,२००. मामांनी २५ क्विंटल दिला आणि ५ जानेवारीचा चेक घेतला. साडेसात हजार जास्त मिळणार म्हणून.

या व्यवहाराला मी मामांना दोष देत नाही. आमच्या भागात अर्धी उधारी अशीच चालते. पण पुढच्या तारखेचा चेक हातात पडला की पैसे आल्यासारखंच वाटतं, आणि घात तिथंच होतो. तारीख उगवेपर्यंत कायदा त्याला चेक मानतच नाही, एक प्रकारची हुंडी समजतो. चेक फाडताना खात्यात पैसे आहेत का, हे बँक बघत नाही. दोन महिन्यांनी असतील का, हे खुद्द व्यापाऱ्यालाही माहीत नसतं.

मामांनी त्या कागदाच्या भरवशावर पुढचे दोन शब्द देऊन ठेवले होते. कृषी सेवा केंद्राची बी-बियाणं, खत, फवारणीची उधारी ६२,००० ची. त्याचा चेक दिला, सही केली, रक्कम लिहिली, तारीख मोकळी ठेवली. ‘माझा ५ चा चेक वटला की तुमचा लावा’ एवढं तोंडी बोलणं. दुकानदारानं ८ तारीख टाकली. शिवाय ट्रॅक्टरचा सहामाही हप्ता १० तारखेला आपोआप कापला जाणार होता. तो दुसरा शनिवार. बँक बंद म्हणजे हप्ता सोमवारी जाईल, अशी मामांची समजूत. पण हप्ते कापणारी नॅचची यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते.

मग एक फळी निसटली आणि मागची उतरंड कोसळली. ४ ऑक्टोबर २०२५ पासून क्लिअरिंग, म्हणजे बँकांनी एकमेकांचे चेक वटवणं, वेगवान झालं आहे, सकाळी टाकलेल्या चेकचा निकाल त्याच संध्याकाळी लागतो. ५ तारखेला व्यापाऱ्याचा चेक ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ म्हणून परत आला. १५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले १७७. ८ तारखेला दुकानदाराचा चेक मामांच्या खात्यावर आला आणि परत गेला: ५०० अधिक जीएसटी. १० तारखेला हप्ता परत गेला: २५० अधिक जीएसटी. फायनान्स कंपनीचा स्वतःचा दंड निराळाच, तो या पासबुकात दिसतही नाही.

एसएमएस गेले होते. पण खात्याला नंबर मुलाचा, आणि मुलगा चाकणला कंपनीत रात्रपाळीला. ५ च्या संध्याकाळी मामांना कळलं असतं तर दुकानदाराला ‘चेक लावू नका’ म्हणायला दोन दिवस मिळाले असते. नंबर मी त्यांच्याकडून अर्ज घेऊन त्याच दिवशी बदलायला लावला.

१७७ रुपयांबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. दुसऱ्यानं दिलेला चेक वटला नाही, यात तो खात्यात टाकणाऱ्याचा काय दोष? ग्राहकाची चूक असेल तरच चेक परतीचे पैसे लावावेत, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. तरी जवळपास सगळीकडे हे पैसे कापले जातात, आणि ज्याचे लाख बुडत आले आहेत त्याच्याच खात्यातून कापले जातात. मी व्यवस्थापकांकडे गेले, टिपण लिहिलं, त्यांनी १७७ रुपये परत जमा केले. बाकीच्या दोन रकमा परत करता आल्या नाहीत.

खरी काळजी पुढची होती. चेकचे व्यवहार ज्यात येतात त्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली दुकानदार मामांवर केस करू शकत होता: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड. मामा म्हणाले, “पन मला काय ठाऊक त्याचा चेक वापस येईल म्हून?” हे ऐकून माझ्या पोटात कालवलं, कारण कलम १४० नेमकं हेच सांगतं की चेक परत जाईल असं वाटलं नव्हतं, हा बचाव होऊ शकत नाही. तारीख मी टाकली नाही, हेही फारसं कामाला येत नाही. सही करून मोकळा चेक आपखुशीनं दिला, तर तो भरायची मुभा घेणाऱ्याला मिळते. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तसा निर्वाळा दिलेला आहे.

आणि त्याच कलमाखाली मामाही व्यापाऱ्याला नोटीस देऊ शकत होते. रिटर्न मेमो, म्हणजे चेक का परतला ते सांगणारी बँकेची चिठ्ठी, त्यांच्या हातात देऊन मी सांगत होते, हा कागद घडी घालून हरवू नका, चेक परतल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, ती मिळाल्यावर त्याला १५ दिवस, आणि तरी पैसे दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात. एवढ्यात मामा सहज बोलून गेले, “मधी चाळीस हजार रोकडे देल्ते त्यानं. येचणीच्या बाया थांबल्या होत्या.”

माझा पेन थांबला. येणं होतं १,४०,०००, आणि चेक लावला होता १,८०,००० चा. अशा वेळी केस टिकत नाही. मधे काही पैसे मिळाले असतील तर तशी नोंद चेकवर करून मगच तो लावावा लागतो, नाहीतर कलम १३८ लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२२ मध्ये म्हटलं आहे. शिवाय हल्ली चेकची छबीच क्लिअरिंगला जाते, त्यामुळे लिहिलेल्या चेकवर काही फिरवाफिरव केली की तो परत यायची भीती असते. सरळ मार्ग एकच: उरलेल्या रकमेचा नवा चेक घ्यायचा, नाहीतर पैसेच खात्यावर मागायचे. जुना चेक तीन महिने जिवंत होता, म्हणजे धाक शिल्लक होता. त्यांना मी ओळखीच्या वकिलांकडे पाठवलं, कारण यापुढचं काम बँकेचं नव्हतं.

दुकानदाराशी मामा माझ्या टेबलावरूनच बोलले. तो भला माणूस निघाला. तूर निघाली की २०,००० आणि बाकी दर महिन्याला, एवढ्यावर थांबला. दुसरा चेक मागत होता, तो देऊ नका असं मी मामांना खुणेनं सांगितलं. वहीत लिहून दोघांनी सह्या केल्या आणि जुना चेक मामांनी परत आणला.

वकिलाचा फोन गेल्यावर व्यापाऱ्यानं १,००,००० एनईएफटीनं खात्यावर पाठवले. त्यातून ट्रॅक्टरचा हप्ता भरला गेला. उरलेल्या ४०,००० चा नवा चेक मार्चच्या तारखेचा आहे. रक्कम आणि तारीख दोन्ही व्यापाऱ्यानं मामांसमोर स्वतः लिहिली आहे, जुना चेक तेव्हाच परत घेतला. फायनान्स कंपनीनं लावलेल्या दंडाचा हिशोब अजून आलेला नाही. तो लेखी मागवला आहे, कारण आता कर्जाच्या हप्त्यावर दंड लावता आला तरी त्या दंडावर व्याज चढवता येत नाही, आणि मला तो कागद बघायचा आहे.