५१०० मिळणार का रे?

२०२४ च्या विधानसभेच्या मतदानाला आठवडा राहिला असेल, मावशीचा फोन आला. "हे २१०० म्हणतायत, ते ३००० म्हणतायत, मग मिळून ५१०० मिळणार का रे?" म्हणजे बायकांना दरमहा द्यायचे पैसे, महायुती २१०० म्हणत होती, महाविकास आघाडी (मविआ) ३०००. मी आधी हसलो, मग समजवायला लागलो आणि पाच मिनिटांत लक्षात आलं की आपल्यालाही धड माहीत नाहीये. व्हॉट्सॲपवर चार पोस्टर पडलेली, चारही एकाच बाजूची (कुठल्या, ते विचारू नका).

महायुतीतल्या भाजपचं संकल्पपत्र आणि मविआचा महाराष्ट्रनामा, दोन्ही जाहीरनामे १० नोव्हेंबरला आले, मतदान २० ला. दहा दिवसांत धंदापाणी सांभाळून कोण वाचत बसणार?

म्हणून मला माणसं हवीयत. काम साधं, एक विषय घ्यायचा, कोण काय म्हणतंय ते एका पानात, मावशीला कळेल अशा मराठीत लिहायचं. पैसे नाहीत, चहा आहे.

सरावाला मी आणि एक मित्र कर्जमाफी घेऊन बसलो. तो एका बाजूचा, मी दुसऱ्या, हे मुद्दामच. मविआचं सोपं होतं, ३ लाखांपर्यंत माफी आणि नियमित फेडणाऱ्यांना ५० हजार. महायुतीचंही कर्जमाफीचं आश्वासन होतंच. मी लिहिलं, "महायुती फक्त कर्जमाफी म्हणते". मित्र म्हणाला, तो "फक्त" काढ. काढला. मग त्याने "खैरात" लिहिलं, ते मी काढलं. एका पानाला अख्खी संध्याकाळ गेली राव. पण मजा पुढेच आहे, मागचं काढून बघितलं तर २०१७ ला फडणवीस सरकारने दीड लाखापर्यंत माफी जाहीर केलेली, २०१९ ला ठाकरे सरकारने २ लाखांपर्यंत, म्हणजे दोघांचाही मागचा हिशोब आहे, तो आश्वासनाच्या शेजारी टाकला की वाचणाऱ्याला आपोआप प्रश्न पडतात, आपण काही बोलायची गरजच नाही.

बायकांच्या पैशांचंही तसंच. २१०० विरुद्ध ३००० एवढंच लिहून भागत नाही, तेव्हा लाडकी बहीण योजनेत १५०० मिळतच होते, वय २१ ते ६५, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, हे आधी सांगायला लागतं. आणि मविआने बायकांना मोफत बस म्हटलं, ते लिहिताना एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच, म्हणजे नवीन आश्वासन उरलेल्या अर्ध्याचं, हे मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग असं सरळ सांगायचं ना!"

एक गोष्ट ठोकर खाऊन शिकलो. एखाद्या पक्षाने विषयाला हातच लावला नसेल तर जागा रिकामी सोडायची नाही, "जाहीरनाम्यात उल्लेख नाही" असं लिहायचं. रिकामं बघून लोकांना वाटतं यांचा विरोध आहे किंवा आपण मुद्दाम गाळलं. आणि समतोल म्हणजे दोघांना सारख्याच ओळी आणि सारखंच कौतुक असंही नाही, एकाने आकडा दिला आणि दुसऱ्याने नाही तर तसंच लिहायचं, राग आला तर आला.

"पैसा कुठून" हा रकाना मात्र पाहिजेच. सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालानंतर आचारसंहितेत जाहीरनाम्यांचा भाग आला, आश्वासनाला लागणारा पैसा कसा उभा करणार ते पक्षांनी ढोबळमानाने तरी सांगावं असं त्यात आहे. हा रकाना भरतानाच घाम फुटतो, त्यामुळे बजेट वाचता येणारा कोणी असेल तर त्याने आधी हात वर करा.

बाकी लिहिता येतं एवढं बास. शेतीतलं कळणारे, आशाताई, मास्तर, एसटीतले, कुणीही चालेल. कट्टर असाल तरी या, फक्त तुमचं पान समोरच्या बाजूचा कट्टर तपासणार, आणि दोघांनी ओके म्हटल्याशिवाय ते बाहेर जाणार नाही. त्यानंतर मावशी. तिने चष्मा लावून एकदा वाचलं आणि "म्हणजे काय?" विचारलं की ती ओळ परत लिहायची. आमचं कर्जमाफीचं पान तिच्याकडून तीनदा परत आलंय.