हे तर कुणीही काढेल

“पट्टीनं चार रेघा मारल्या, दोन चौकोन रंगवले. हे तर कुणीही काढेल. यात चित्र कुठे आहे?” माझ्या भौमितिक अमूर्त चित्रांसमोर उभं राहून अनेकांनी मला हे विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

आधी पट्टीबद्दल. रशियन चित्रकार मालेविचचा ‘काळा चौरस’ सगळ्यांना माहीत असतो. १९१५ साली पेत्रोग्रादच्या (आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या) प्रदर्शनात त्यानं तो वर, दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात टांगला. रशियन घरांत ती देवाच्या प्रतिमेची जागा. पण प्रदर्शनाच्या यादीत त्याचं नाव नुसतं ‘चौकोन’ होतं, आणि ते जास्त खरं आहे. कारण तो काटेकोर चौरस नाहीच. त्याच्या बाजू कॅनव्हासच्या कडांना समांतर जात नाहीत, किंचित कलतात. म्हणून तो काळा आकार पांढऱ्यावर तरंगल्यासारखा वाटतो. पट्टी लावून आखला असता तर तो तिथेच थिजला असता.

डच चित्रकार माँद्रियानच्या काळ्या रेघा तर जवळ जाऊनच पाहायला हव्यात. काही चित्रांत त्या कडेपर्यंत पोचत नाहीत, थोड्या अलीकडेच थांबतात. न्यूयॉर्कला गेल्यावर तो रंगीत चिकटपट्ट्या कॅनव्हासवर लावून, काढून, सरकवून रेघेची जागा शोधायचा. १९४४ मध्ये तो वारला तेव्हा त्याचं ‘व्हिक्टरी बूगी वूगी’ हे चित्र अपुरं होतं, आणि कागदाचे, चिकटपट्ट्यांचे तुकडे आजही त्यावर आहेत. रेघ ओढायला क्षण पुरतो. ती कुठे हवी, हे ठरायला दिवस जातात. माझ्या एका चित्रात उजवीकडची उभी रेघ मी आठवडाभर इकडेतिकडे सरकवत होते. शेवटी ती बोटभर आत घेतली, आणि डावीकडचा पिवळा, ज्याला मी हातही लावला नव्हता, एकदम शांत झाला. असं झालं की मला अजूनही भरून येतं.

रंगाचंही तेच. जर्मनीत जन्मलेला अमेरिकी चित्रकार जोसेफ आल्बर्स यानं १९५० पासून १९७६ मध्ये मरेपर्यंत मुख्यतः एकात एक बसवलेले चौरस रंगवले, हजाराहून अधिक. रंग ट्यूबमधून थेट घ्यायचा, सुरीनं पसरायचा आणि कुठले रंग वापरले ते चित्राच्या मागे लिहून ठेवायचा. लपवायचं काही नव्हतंच. तोच राखाडी रंग शेजार बदलला की उजळतो किंवा मळकट होतो, एवढं एकच तो शेवटपर्यंत बघत राहिला. दोन रंगीत कागदांवर एकाच राखाडीचे दोन तुकडे ठेवून बघा, माझ्या सांगण्याची गरज उरणार नाही.

नुसते नीटनेटके चौकोन काढून भिंत भरणारी कामंही पुष्कळ आहेत. ती मलाही कोरडी वाटतात. तिथे तुमची तक्रार मला मान्य आहे.

शिल्पात मला सगळ्यात जवळचा आहे रोमानियन शिल्पकार ब्रांकुशीचा ‘अंतहीन स्तंभ’. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ रोमानियातल्या तर्गू जिऊ गावी १९३८ मध्ये तो उभा राहिला. उंची सुमारे २९ मीटर. एकच आकार, एकावर एक पंधरा वेळा. आणि सगळ्यात वर तोच आकार, पण अर्धा. पूर्ण ठेवला असता तर खांब तिथे संपला असता.