दुसरी झडप

महिन्यापूर्वीची गोष्ट. भर दुपारी एका सभागृहातून बाहेर पडत होतो. दाराला दोन झडपा. एक उघडी, एक मिटलेली. त्या अर्ध्या दारातून सगळे अंग चोरत, पुढच्याच्या टाचेवर पाय देत निघालेले. मीही त्यातलाच. मिटलेल्या झडपेला कडी आहे का, हे बघायचं कुणाच्याच मनात आलं नाही. एवढे पुढे गेलेत, ते काय वेडे आहेत? तेवढ्यात आईच्या हातून निसटलेलं एक पोर सहज त्या झडपेला रेललं आणि ती उघडली की! माझ्या मागच्या गृहस्थांनी "अरेच्चा" केलं, तेही अगदी हळू.

मला उगाच शाळेतली कविता आठवली. सगळ्या वर्गाने मिळून म्हणायची असे. मी नुसते ओठ हलवायचो. एवढ्या गलक्यात माझा एक आवाज कमी पडला तर कुणाला कळतंय! एकदा बाईंनी पलीकडच्या रांगा गप्प केल्या आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "हं, आता फक्त तुम्ही." आमच्या बाजूने जे काही बाहेर आलं, त्याला पुटपुटणं म्हणणंही जास्तच. म्हणजे बाकीचेही ओठच हलवत होते! बाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मला मात्र इतका दिलासा पुन्हा कधी मिळालेला नाही.

रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून १९१३ साली आकडे छापले. ८ जण मिळून ओढू लागले, की एकेकाचा जोर एकट्याच्या जेमतेम निम्मा भरायचा. सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही, हे एक कारण. दुसरं मला तिसऱ्या बाकावरच कळलं होतं.

दाराचं प्रकरण मात्र अंगचोरपणाचं नव्हे. तिथे मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशच्या रेघा आठवतात. १९५० च्या दशकात अमेरिकेत त्याने हा खेळ मांडला. कुठली रेघ दाखवलेल्या रेघेएवढी आहे, ते प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं. एक सोडून बाकी सगळे आधीच पढवलेले. १८ पैकी १२ वेळा ते ठरवून चुकायचे. त्या एका बिचाऱ्याची पाळी जवळजवळ शेवटी. रेघ डोळ्यांना धडधडीत दिसत असताना चारांतल्या तिघांनी एकदा तरी मम म्हटलं. पढवलेल्यांपैकी एकानेच खरं उत्तर दिलं, की मग या माणसालाही कंठ फुटायचा. एवढंच पुरतं. झडपेला रेलणारं एक पोर.

हे डोक्यात घोळवत काल असल्याच एका दोन झडपांच्या दारापाशी पोचलो. पुन्हा तीच कोंडी. मी ऐटीत रांग सोडली आणि मिटलेल्या झडपेला खांदा दिला.

वरून कडी होती. आवाज केवढा झाला! सगळे वळून बघायला लागले, आणि रांगेत परत शिरायला कुणी जागा देईना.