नवी गाडी, ११०० किलोमीटर: कटकट सापडली

गेल्या वेळी दोन तक्रारी लिहिल्या होत्या, गाडी डावीकडे ओढते आणि मागून कटकट येते. दोन्ही मिटल्या. एकही पार्ट बदलला नाही.

ओढण्याचं आधी सांगतो. अलाइनमेंटला न्यायच्या आधी सकाळी सहाला, रात्रभर उभ्या गाडीची हवा स्वतःच्या गेजने तपासली. तीन चाकांत ४०-४१ पीएसआय, पुढच्या डाव्यात ३१. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं स्टिकर म्हणतं ३३. गाड्या यार्डात बरेच दिवस उभ्या असतात, टायर एका जागी चपटू नयेत म्हणून हवा जास्त भरतात. डिलिव्हरीच्या गडबडीत ती कमी करायची राहून जाते. आणि डावं चाक? व्हॉल्व्हवर बोटाने थुंकी लावली, बारीक बुडबुडा आला. पंक्चरवाल्याने आतली पिन पाव फेरा आवळली. चारही चाकांत हवा स्टिकरप्रमाणे ३३ केली. ओढणं बंद.

एक मात्र ध्यानात ठेवा. परवा भर दुपारी अक्कलकोटहून आलो तर याच टायरांत ३८ दिसले. टायर साधारण पाच-सहा अंश तापला की एक पीएसआय वाढतो. आपल्या सोलापूरच्या उन्हात तर विचारूच नका. तेव्हा गरम टायरची हवा सोडायची नाही, सकाळी बघायची.

आता कटकट. हिने तीन रविवार खाल्ले. सर्व्हिस सेंटरवाला पुढे बसून एक चक्कर मारून म्हणाला, "नवीन गाडी आहे, सेट होईल." आवाज सेट होतो म्हणजे काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

डिकी रिकामी केली. जॅक, पाना, त्रिकोण सगळं घरात. स्टेपनीचा स्क्रू आवळला. तरी आवाज तसाच. मग अण्णांना मागे बसवलं आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीतल्या गतिरोधकांवरून गाडी नेली. आवाज गायब!

"कुठाय रे आवाज? तुझ्या टकुऱ्यात वाजतंय."

अण्णा उतरले, आवाज परत. मला वाटलं, वजनाने सीट दबते, म्हणजे सीटचं लॉक ढिलं असणार. पाठ काढायला निघालोच होतो. तेवढ्यात लक्षात आलं की अण्णा बसल्या बसल्या बेल्ट लावतात. पुन्हा बसवलं, गल्लीतल्या गल्लीत, पायी चालण्याच्या वेगाने, बेल्ट न लावता. कट कट कट. अण्णांनी लोंबणारी धातूची क्लिप मुठीत धरली आणि सगळं शांत. ती क्लिप खांबाच्या प्लास्टिकवर आपटत होती. नीट पाहिलं तर तिथे नखाएवढा पांढरा ओरखडाही होता.

उपाय फुकटचा: मागच्या रिकाम्या सीटचे बेल्ट अडकवून ठेवायचे. मी वर कापडी टेपचा तुकडाही चिकटवलाय.

बाकी किरकोळ. डॅशकॅम कायम करंट असलेल्या फ्यूजवर जोडला होता, दोन दिवस गाडी उभी राहिली तर बॅटरी १२.१ व्होल्ट. इग्निशनवर चालू होणाऱ्या फ्यूजवर घेतला, आता सकाळी १२.६. एसीखालचं पाणी ही गळती नव्हे. धुतल्यावर पहिल्या ब्रेकला येणारी खरखर म्हणजे डिस्कवरचा वरवरचा गंज, दोन-चार ब्रेकमध्ये जातो.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर अजून आहेत. ते पुढच्या रविवारी. उद्या तुळजापूर, आणि अण्णा म्हणतात, मागेच बसणार.