आधी खोली, मग माइक, प्रीअँप सर्वांत शेवटी

डोंबिवलीतल्या आमच्या घरी मी पहाटे साडेचार ते सहा या वेळात ध्वनिमुद्रण करते. सहा वाजता सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू होतो, सातला शाळेच्या बसगाड्या येतात आणि मग रात्रीपर्यंत कुठल्या ना कुठल्या घरातून कुकरच्या शिट्ट्या, ड्रिलची घरघर आणि दुरून लोकलचा भोंगा ऐकू येत राहतो. चैत्र-वैशाखात पहाटही पूर्णपणे माझी नसते, कारण खिडकीसमोरच्या आंब्यावरचा कोकीळ माझ्याआधीच कामाला लागलेला असतो. माहितीपटांचे निवेदन, ई-लर्निंगचे पाठ आणि श्राव्य पुस्तके असे काम मी या एका खोलीतून गेली नऊ वर्षे करत आले आहे. नव्याने या क्षेत्रात येणारी मंडळी मला विचारतात की कोणता माइक घ्यावा, आणि त्याहून अधिक आग्रहाने विचारतात की त्याला कोणता प्रीअँप, म्हणजे माइकचा क्षीण संकेत वाढवणारे उपकरण, जोडावा. माझे मत असे आहे की या प्रश्नांचा क्रम चुकतो. खोली किती शांत आहे हे मोजल्याशिवाय माइक निवडता येत नाही, आणि माइक ठरल्याशिवाय प्रीअँपची गरज कळत नाही.

खोली मोजण्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. हाताशी असेल तो माइक तोंडापासून एक वीत अंतरावर ठेवावा, नेहमीच्या आवाजात एक परिच्छेद वाचावा आणि गेनला (संकेत वाढवण्याच्या बटणाला) हात न लावता एक मिनिट पूर्ण शांत बसावे. मग संगणकावर दोन्ही भागांची सरासरी पातळी, म्हणजे आरएमएस, पाहावी. या दोन आकड्यांमधले अंतर हीच आपल्या खोलीची खरी किंमत. श्राव्य पुस्तकांसाठी एसीएक्स या मंचाने घातलेली अट अशी आहे की वाचनाची सरासरी पातळी −२३ ते −१८ डेसिबल यांच्या दरम्यान असावी (संगणकात शून्य ही कमाल पातळी, म्हणून आकडे उणे), सर्वोच्च टोक −३ च्या खाली राहावे आणि शांततेतला आवाज −६० च्या वर जाऊ नये. इतर ग्राहकांच्या अटी वेगळ्या असतात, पण मोजपट्टी म्हणून ही उपयोगी आहे. माझ्या खोलीत वाचनाची पातळी −२० वर आणली, तर दुपारी शांततेचा आकडा −५२ च्या आसपास येतो आणि पहाटे −६३ येतो. माइक तोच, प्रीअँप तोच, बदलते ती फक्त वेळ. हा अकरा डेसिबलचा फरक कोणतेही उपकरण विकत घेऊन मला मिळाला नसता.

आता माइकच्या माहितीपत्रकातला एक आकडा पाहू. प्रत्येक कंडेन्सर माइकचा (बाहेरून वीज लागणाऱ्या, अधिक संवेदनशील माइकचा) स्वतःचा एक सूक्ष्म सरसरता आवाज असतो आणि तो डेसिबलमध्ये दिलेला असतो. रोड एनटी१ च्या पाचव्या आवृत्तीचा तो ४ आहे, नॉयमन टीएलएम १०३ चा ७, सेनहायझर एमकेएच ४१६ चा १३ आणि ऑडिओ-टेक्निका एटी२०२० चा २०. हे आकडे वाचून वाटते की चारचा माइक विसाच्या माइकपेक्षा पाचपट चांगला असला पाहिजे. परंतु डेसिबल साध्या बेरजेने मिळवता येत नाहीत. खोलीचा स्वतःचा आवाज ३० डेसिबल असेल, आणि शहरातल्या सदनिकेत बंद खिडक्यांमागेही तो याहून कमी असणे कठीणच, तर विसाचा माइक वापरल्यावर एकूण आवाज साधारण ३०.४ होतो आणि साताचा वापरल्यावर ३०.०२. हा फरक कोणाच्याही कानाला कळणार नाही. खोली खरोखर २० डेसिबलइतकी शांत असेल तेव्हाच विसाचा माइक एकूण आवाज २३ वर नेतो आणि चाराचा माइक तो २० च्या जवळ ठेवतो. म्हणजे अत्यंत कमी आवाजाचा माइक हे शांत खोली मिळवल्यानंतरचे पाऊल आहे. हे मला कोणी सुरुवातीलाच सांगितले असते तर पहिल्या दोन वर्षांची कमाई मी दरवाजाच्या फटी बुजवण्यात, जाड पडद्यांत आणि रॉकवूलच्या (दगडी लोकरीच्या) चौकटींत घातली असती.

खोलीचा दुसरा दोष म्हणजे गुंज. आपला शब्द भिंतीवर आदळून क्षणात परत येतो आणि मूळ शब्दाला चिकटतो. बाहेरचा आवाज नंतर थोडाफार पुसता येतो, हा डाग मात्र सहसा निघत नाही. कपड्यांनी भरलेले कपाट आणि आईच्या हातच्या तीन गोधड्या यांनी मला पहिली चार वर्षे सांभाळले. गोधडी वरच्या पट्टीतली, म्हणजे बारीक स्वरांची, गुंज चांगली शोषते, पण खालच्या पट्टीतला घुमारा तिच्या आवाक्याबाहेर असतो. त्यासाठी चार इंच जाडीचे शोषक लागते आणि ते भिंतीपासून थोडे पुढे लावावे लागते. बाहेरचा आवाज अडवणे हे तर पूर्णपणे वेगळे काम आहे. त्याला वजनदार भिंत आणि फटी नसलेला दरवाजा लागतो, गोधडी नव्हे.

खोली कशी आहे हे कळले की माइकच्या जातीचा विचार करता येतो. शुअर एसएम७बी आणि इलेक्ट्रो-व्हॉइस आरई२० हे दोन्ही डायनॅमिक (बाहेरून वीज न लागणारे, कमी संवेदनशील) माइक नभोवाणीच्या स्टुडिओंमुळे प्रसिद्ध झाले. ते खोलीचा आवाज ‘कमी ऐकतात’ असे सर्रास सांगितले जाते, आणि त्यात अर्धेच सत्य आहे. एकाच अंतरावरून, एकाच दिशा-आकृतीचे, म्हणजे सारख्याच दिशांनी ऐकणारे, दोन माइक एकसारख्या पातळीवर आणून ऐकले तर खोली दोघांतही जवळपास तेवढीच ऐकू येते. डायनॅमिक माइकशी आपण चार बोटांच्या अंतरावरून बोलतो आणि कंडेन्सरशी एक वीत किंवा त्याहून लांबून, हा फायद्याचा मोठा भाग आहे. जवळून बोलण्याची किंमतही असते. एका दिशेने ऐकणाऱ्या बहुतेक माइकांजवळ तोंड नेले की खर्जाचा भाग फुगतो आणि डोके दोन बोटे मागे गेले तरी आवाजाचा पोत बदलतो. आरई२० ची रचना हा परिणाम बराच कमी करते, म्हणून वाचताना हालचाल करणाऱ्या निवेदकाला तो मानवतो. तीन तासांच्या श्राव्य पुस्तकासाठी मी त्याला एसएम७बी पेक्षा वरचे स्थान देईन.

मराठीसाठी माइक निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते, जी परदेशी परीक्षणांत सापडणार नाही. आपल्या भाषेत चमचा, जग आणि झाड या शब्दांतले च, ज, झ दंततालव्य आहेत. त्यांच्या उच्चारात दातांमागून बारीक, टोकदार हवा सुटते. त्याला श, ष आणि स यांची जोड मिळाली की वरच्या पट्टीत उठाव असलेला स्वस्त कंडेन्सर वाक्यावाक्यात कानाला टोचू लागतो. ख, फ, भ या महाप्राण व्यंजनांचा झोत माइकच्या आतल्या पडद्यावर थेट आदळतो, म्हणून पॉप फिल्टर तर हवाच, शिवाय माइक तोंडासमोर सरळ न ठेवता ओठांच्या कोपऱ्याकडे किंचित वळवून ठेवावा. ल आणि ळ यांच्यातला फरक मुख्यतः मधल्या पट्टीत उमटतो. तिथे खड्डा असलेला माइक ‘काळ’ आणि ‘काल’ यांना नकळत जवळ आणतो. यासाठी मी एक परिच्छेद लिहून ठेवला आहे, ज्यात हे सर्व वर्ण दाटीने येतात, आणि कोणताही माइक विकत घेण्याआधी तोच वाचते. इंग्रजी वाचनावर सुंदर वाटलेला माइक मराठीवर उतरेलच असे नाही.

एमकेएच ४१६ विषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण त्याच्याबद्दल आकर्षणही फार आहे आणि गैरसमजही. हा चित्रीकरणस्थळी वापरण्याचा, लांब नळीचा आणि समोरचा आवाज टिपण्यासाठी बनवलेला शॉटगन माइक आहे. लॉस एंजेलिसच्या प्रोमो आणि जाहिरातींच्या निवेदकांनी तो बंद खोलीत आणला आणि त्याचा ठसठशीत, पुढे येणारा आवाज त्या कामाची ओळख बनला. पण त्याची नळी खालच्या पट्टीत फारशी दिशा पाळत नाही आणि बाजूने आलेली गुंज ती रंग बदलून आत घेते. उपाय न केलेल्या लहान खोलीत म्हणूनच तो निराश करतो. त्याचा जो गुण आपल्या कोकणपट्टीला खरा उपयोगी आहे, त्याची चर्चा मात्र कमी होते. सामान्य कंडेन्सरमध्ये पडद्यावरचा विद्युतभार अतिशय उच्च रोधाच्या परिपथात धरून ठेवलेला असतो. दमट हवेत तो गळू लागतो आणि ध्वनिमुद्रणात चरचर येते. ४१६ मध्ये पडदा उच्च वारंवारतेच्या, कमी रोधाच्या परिपथात काम करतो, त्यामुळे ओलाव्याचा त्याला फारसा त्रास होत नाही. माझ्या पहिल्या कंडेन्सरने एका जुलै महिन्यात, अर्धे पुस्तक वाचून झाल्यावर, तव्यावर फोडणी पडावी तसा आवाज काढायला सुरुवात केली आणि मला अकरा प्रकरणे पुन्हा तपासावी लागली. तेव्हापासून माझे माइक काम नसताना सिलिका जेलसह हवाबंद डब्यात राहतात आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला ते जेल मी बदलते.

आता प्रीअँप. त्याचे काम माइककडून येणारा अगदी क्षीण संकेत स्वतःची सरसर न मिसळता वाढवणे एवढेच आहे. एसएम७बी ची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक आवाजाला मिळणारा विजेचा संकेत, पास्कलला (ध्वनिदाबाच्या एककाला) सुमारे १.१२ मिलिव्होल्ट आहे आणि एनटी१ ची सुमारे २५. हा बावीस पटींचा, म्हणजे २७ डेसिबलचा फरक आहे. एसएम७बी ला शांत निवेदनासाठी ६० डेसिबलच्या आसपास गेन द्यावा लागतो. फोकसराइटच्या स्कार्लेट २आय२ या इंटरफेसची (माइक संगणकाला जोडणाऱ्या, प्रीअँप असलेल्या पेटीची) तिसरी आवृत्ती ५६ डेसिबलवर थांबते आणि चौथी ६९ पर्यंत जाते. म्हणून तिसऱ्या आवृत्तीसोबत हा माइक वापरणारे कुरकुरतात आणि चौथीसोबतचे सहसा नाहीत. क्लाउडलिफ्टरसारखी डबी इंटरफेसच्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर (माइकच्याच तारेतून मिळणाऱ्या विजेवर) चालून सुमारे २५ डेसिबल वाढवून देते. प्रीअँपचा गेन अपुरा असेल किंवा शेवटच्या टप्प्यात तो सरसरत असेल तर ती डबी घ्यावी, अन्यथा नाही. एनटी१ किंवा टीएलएम १०३ सारख्या माइकला तिची गरजच पडत नाही.

महागड्या स्वतंत्र प्रीअँपने आवाज किती स्वच्छ होईल, या प्रश्नाला निसर्गानेच मर्यादा घालून दिली आहे. १५० ओहमच्या साध्या रोधकातही उष्णतेमुळे सुमारे −१३१ डीबीयू (विजेच्या संकेताची डेसिबलमधली पातळी) एवढा आवाज असतो आणि तो कोणालाही टाळता येत नाही. आजच्या साध्या इंटरफेसचा आकडा −१२७ किंवा −१२८ च्या घरात आहे. जगातला सर्वोत्तम प्रीअँप आणला तरी मिळकत तीन-चार डेसिबलची, आणि तीही फक्त क्षीण संकेताच्या डायनॅमिक माइकवर. कंडेन्सरवर ती खोलीच्या आवाजाखाली पूर्णपणे बुडून जाते.

राहतो तो रंगाचा मुद्दा. नीव्ह १०७३ च्या घराण्यातले ट्रान्सफॉर्मर असलेले प्रीअँप जोराने चालवले की संकेतात स्वतःचे स्वर मिसळतात, आणि गायनासाठी किंवा गिटारसाठी ते मला मनापासून आवडतात. निवेदनात आपण त्यांना तेवढे जोराने चालवतच नाही. एका परिचित ध्वनिमुद्रकाच्या स्टुडिओत एकदा मी एकच वाचन एकाच माइकमधून दुभागून दोन प्रीअँपमध्ये घेतले; एक माझ्या इंटरफेसचा होता आणि दुसरा त्याच्या कित्येक पट किमतीचा. दोन्ही पातळ्या दशांश डेसिबलपर्यंत जुळवल्या, कारण एक डेसिबलने मोठा असलेला आवाजही आपल्याला ‘अधिक समृद्ध’ वाटतो. मग नावे झाकून आम्ही तिघांनी दहा-दहा वेळा ऐकले आणि तिघांपैकी कोणालाही ते सातत्याने ओळखता आले नाहीत. त्या दिवशी प्रीअँपसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून मी खोलीच्या छताला शोषक लावून घेतले.

विजेकडे मात्र दुर्लक्ष करू नये, कारण प्रीअँपवर ठेवला जाणारा निम्मा दोष खरे तर तिचा असतो. अर्थिंग नीट नसेल तर पन्नास हर्ट्झची घूंऽ अशी गुणगुण येते. दोन पिनांच्या चार्जरवर चालणारा लॅपटॉप बारीक किरकिर मिसळतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर शेजारच्या खोलीतूनही त्रास देऊ शकतो. लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा, तारा एक्सएलआरच्याच (तीन पिनांच्या) घ्याव्यात आणि माइकची तार विजेच्या तारेला समांतर नेऊ नये.

या कामात जुन्या ध्वनिमुद्रणात नंतर एखादे वाक्य बदलून द्यावे लागणे नित्याचे आहे आणि ते वाक्य आधीच्या वाक्यांशेजारी बेमालूम बसले पाहिजे. त्यासाठी माझ्याकडे एक साधी वही आहे. प्रत्येक कामासाठी माइक कोणता, तोंडापासून किती बोटे, कोणत्या कोनात, गेनचा आकडा किती, खिडकीचा पडदा पूर्ण की अर्धा, हे सर्व मी तीत लिहिते. माइकच्या स्टँडचे पाय कुठे टेकतात ते जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवले आहे. गेल्या वर्षी एका श्राव्य पुस्तकातले एका गावाचे नाव आठ महिन्यांनी दुरुस्त करून हवे होते. वही उघडली, खुणेवर स्टँड ठेवला, पहाटे पाच वाजता दोन वाक्ये वाचली आणि पाठवली. जोड कुठे आहे हे संपादकांनी मलाच विचारले.