लग्नाचा केक आणि पोहोचवण्याची वेळ : आमची वाटचाल

लग्नाच्या केकची ऑर्डर घेताना आमच्या वहीत पहिली नोंद होते ती केक रिसेप्शनच्या जागी किती वाजता पोहोचवायचा याची. चव, मजले, रंग आणि फुले यांचे बोलणे त्यानंतर सुरू होते. नव्या ग्राहकांना हा क्रम थोडा विचित्र वाटतो. परंतु वसईच्या ख्रिस्ती लग्नांसाठी केक बनवणाऱ्या आमच्या छोट्या व्यवसायाला आज जे रूप आले आहे, ते या एका प्रश्नाचे उत्तर शोधता शोधताच आले आहे.

आईने घरच्या ओव्हनवर काम सुरू केले तेव्हा हा प्रश्न फारसा पडत नसे. त्या काळी लग्नाचा केक म्हणजे रममध्ये मुरवलेल्या मनुका, काजू आणि चेरी घातलेला फ्रूट केक, त्यावर मार्झिपानचा (बदाम किंवा काजू आणि साखरेच्या लगद्याचा) थर आणि सर्वात वर अंड्याचा पांढरा बलक व पिठीसाखर फेटून केलेले रॉयल आयसिंग. हे आयसिंग वाळले की खडीसाखरेसारखे कडक होते, त्यामुळे हवेतल्या उष्णतेचा त्यावर परिणाम होत नाही. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी केक नवऱ्या मुलाच्या घरी जात असे, तिथल्या थंड खोलीत टेबलावर ठेवला जात असे आणि मुंग्या चढू नयेत म्हणून टेबलाचे चारही पाय पाण्याच्या ताटल्यांत उभे केले जात. एवढे केले की बेकरीची जबाबदारी संपत असे.

पुढे आवड बदलली. फ्रूट केकऐवजी मऊ स्पंजची मागणी होऊ लागली, रॉयल आयसिंगच्या जागी आधी क्रीम आले, मग फॉन्डंट (साखरेच्या मळलेल्या लगद्याचे गुळगुळीत आवरण) आणि आता अस्सल लोण्याचे बटरक्रीम. या प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे आणि आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेशी यांपैकी कोणाचेच जुळत नाही. लोणी तीस अंशांच्या पुढे आपला आकार सोडू लागते आणि मे महिन्यात वसईत संध्याकाळी पाच वाजतासुद्धा पारा त्याच्या वर असतो. ताज्या क्रीमचे बंधन आणखी कडक आहे. दुधाचे पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नयेत आणि हवा ३२ अंशांच्या पुढे असेल तर एका तासाहून अधिक ठेवू नयेत, हा खाद्यसुरक्षेतला सर्वमान्य दंडक आहे. आम्ही तो पाहुण्यांच्या जिवाशी निगडित असल्यासारखा पाळतो, कारण तो तसा आहेच.

फॉन्डंट वितळत नाही, पण त्याला घाम येतो. थंड केक दमट हवेत उघडला की हवेतली वाफ त्याच्यावर बसते आणि पाहता पाहता गुळगुळीत पांढऱ्या पृष्ठभागावर मोहरीएवढे थेंब उमटतात. सजावट गडद लाल किंवा निळी असेल तर तो रंग थेंबाबरोबर खाली ओघळू शकतो. अशा वेळी जवळ उभ्या असलेल्या मावशी काळजीपोटी रुमाल पुढे करतात. त्यांना नम्रपणे थांबवावे लागते, कारण पुसले की डाग पडतो, तर पंख्याच्या वाऱ्यात थोडा वेळ सोडले की थेंब आपोआप सुकतात. म्हणून आम्ही फॉन्डंटचा केक खोक्यातच बंद ठेवून त्याचा थंडपणा उतरू देतो. वाफ खोक्यावर बसते आणि केक कोरडा राहतो. यासाठी लागणारा वेळ पोहोचवण्याच्या वेळेत आधीच धरावा लागतो.

दुसऱ्या बाजूने, केक अगदी शेवटच्या क्षणी नेणेही परवडत नाही. लोण्याचा केक फ्रिजमधून काढल्याबरोबर कापला तर घट्ट आणि बेचव लागतो. मोठ्या मजल्याला खाण्याजोगा मऊपणा यायला दोन तास सहज जातात. तीन मजल्यांचा केक आम्ही सुटा नेतो आणि जागेवर रचतो, त्यात आणि ताजी फुले खोचण्यात पाऊण तास मोडतो. शिवाय आपल्याकडे रिसेप्शनमध्ये नवदांपत्याचे आगमन झाले की लगेच केक कापला जातो, टोस्ट (पेले उंचावून नवदांपत्याला शुभेच्छा देणे) त्यानंतर होतो. म्हणजे केक तयार नसेल तर पुढचा सगळा कार्यक्रम अडून बसतो. लवकर नेला तर केक बिघडतो आणि उशिरा नेला तर कार्यक्रम, यामधली जी थोडकी फट उरते ती अचूक शोधणे हेच आमच्या कामाचे मर्म आहे, असे मला मनापासून वाटते.

ही फट शोधताना आम्ही छापील पत्रिकेवरच्या वेळेवर विसंबत नाही. चर्चमध्ये लग्नाची मिस्सा (प्रार्थनाविधी) चार वाजता असेल तर ती वेळेवर सुरू होते, पण त्यानंतरचे फोटो, घरी जाणे, कपडे बदलणे आणि वरात यांचा हिशोब कोणालाच देता येत नाही. साडेसातचे आगमन साडेआठला झाले तरी घरच्यांना त्यात उशीर झाल्यासारखे वाटत नाही. म्हणून आम्ही कुटुंबाबरोबरच डेकोरेटरला आणि सूत्रसंचालन करणाऱ्या एमसीला स्वतंत्र फोन करतो. डेकोरेटरला विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत : केकचे टेबल किती वाजता मोकळे होईल, मावळतीचे ऊन त्यावर येते का, आणि जनरेटर केव्हा सुरू होतो. हा तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. अनेक लॉनवर पाहुणे यायला लागेपर्यंत जनरेटर बंदच असतो, म्हणजे तोवर पंखाही नाही आणि कूलरही नाही. रस्त्याचा विचारही करावा लागतो, कारण नंदाखाल, निर्मळ, गास या भागातल्या अरुंद रस्त्यांवर बॅन्डसह वरात निघाली की मागची गाडी तिच्याच चालीने चालते. त्यामुळे वरात चर्चजवळून हलण्याआधी आमची गाडी जागेवर पोहोचलेली असली पाहिजे, हा आमचा नेम आहे.

वातानुकूलित हॉल असेल तर (ताज्या क्रीमचा केक सोडून) केक कापण्याच्या अडीच तास आधी आणि उघडे लॉन असेल तर सव्वा ते दीड तास आधी पोहोचायचे, असे साधारण गणित आता बसले आहे. उघड्या लॉनसाठी केक थोडा ऊब घेऊ दिलेल्या अवस्थेतच बेकरीतून निघतो आणि मे महिन्यात तिथे ताज्या क्रीमचा केक आम्ही स्वीकारत नाही. ‘सकाळीच आणून ठेवा, आमची काळजी मिटेल,’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांची भावना आम्हाला समजते. सकाळीच हवा असेल तर आम्ही आईच्या पद्धतीचा फ्रूट केक सुचवतो, आणि आनंदाची गोष्ट अशी की अलीकडे काही तरुण जोडपी तो आपणहून मागू लागली आहेत.

या हिशोबाने व्यवसायाचा विस्तारही ठरवला. आगमनकाळ (नाताळापूर्वीचे सुमारे चार आठवडे) आणि उपवासकाळात (ईस्टरपूर्वीचे सुमारे चाळीस दिवस) लग्ने सहसा होत नसल्याने नाताळ ते राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, या आठवड्यांत मोठी गर्दी होते, आणि हा बुधवार दरवर्षी हलतो. २०२५ मध्ये तो ५ मार्चला होता, तर २०२६ मध्ये १८ फेब्रुवारीला, म्हणजे हंगाम दोन आठवड्यांनी आखूड. अशा वर्षी ऑर्डर वाढवण्याचा मोह मोठा असतो. तरीही एका संध्याकाळी एका गाडीला दोनच केक, ही मर्यादा आम्ही ओलांडत नाही, कारण तिसरा केक हमखास चुकीच्या वेळी पोहोचतो. उत्पन्न वाढले तेव्हा दुसरा ओव्हन घेण्याऐवजी आम्ही थंडाव्याची सोय असलेली दुसरी गाडी घेतली.

खाडीपलीकडच्या, भाईंदरजवळच्या उत्तनच्या ऑर्डर आम्ही पूर्वी नाकारत असू. वसईहून तिकडे जायचे म्हणजे महामार्गाने वर्सोवा पुलावरून मोठा वळसा, आणि त्या वाहतुकीत वेळेची हमी देणे अशक्य. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई–भाईंदर रो-रो (वाहने नेणारी फेरीबोट) सेवा सुरू झाल्यावर किल्ल्याजवळच्या जेट्टीवरून गाडीसह खाडी पार करता येऊ लागली. खड्ड्यांचे हादरे त्यात नाहीत, हा केकच्या दृष्टीने मोठाच लाभ आहे. आम्ही नेहमी आपल्याला हवी त्याच्या आधीची फेरी धरतो, म्हणजे ती चुकली तरी पुढची हाताशी असते. पलीकडे लवकर पोहोचलो तर केक गाडीतल्या थंडाव्यातच राहतो आणि टेबल मोकळे झाल्याचा डेकोरेटरचा फोन आल्यावरच गाडीचे दार उघडले जाते. येत्या हंगामासाठी उत्तनच्या ऑर्डर आम्ही घेत आहोत.