सोनेगाव ते शंकरनगर, मेट्रोने: जाता-येताचा अनुभव

डिसेंबरात आईला पुण्याला आणायला नागपूरला गेले होते. हिवाळी अधिवेशनाचे दिवस. विमानतळावर उतरून फोन सुरू केला तर बहिणीचा निरोप आलेला: "ऑटो करू नको, मोर्चे आहेत, बर्डीवर अडकशील. मेट्रोनं ये." बर्डी म्हणजे सीताबर्डी, शहराचा मध्य. अधिवेशनात तिथल्या मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला आणि झिरो माइलच्या आसपास काय होतं, ते नागपुरात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून या वेळी ठरवलं, जातानाही मेट्रो आणि आईला घेऊन परततानाही मेट्रोच. पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सगळं लिहून ठेवते आहे.

पहिली गोष्ट नीट समजून घ्या. मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन विमानतळाच्या इमारतीला जोडलेलं नाही. दिल्लीत किंवा चेन्नईत सामान घेऊन सरळ मेट्रोत शिरता येतं, तसं इथे नाही. टर्मिनल सोनेगावला आत आणि मेट्रो वर्धा रोडवर. मधलं अंतर एक-दीड किलोमीटरचं. या एवढ्या तुकड्याचं गणित जमलं की बाकीचा प्रवास अगदी सोपा आहे, आणि ते जमलं नाही तर माणूस वैतागून टॅक्सीत बसतो. माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांचं असंच झालेलं आहे.

माझ्याकडे एक पाठपिशवी आणि एक चाकांची छोटी बॅग. दुपारचं ऊन डिसेंबरातलं, म्हणजे अंगावर घ्यावंसं वाटणारं. बाहेर एका ऑटोवाल्याने शंकरनगरचे तीनशे सांगितले. "मेट्रो स्टेशनपर्यंतच सोडा," म्हटलं तर त्याला तेवढ्यासाठी रांग सोडायची नव्हती. म्हणून चालत निघाले. वीसेक मिनिटं लागली. सोबत सामान कमी आणि हवा थंड असेल तर जरूर चाला. मे महिन्यात मात्र हा विचारही करू नका. पारा पंचेचाळीसच्या वर असताना भर दुपारी बॅग ओढत वर्धा रोड गाठणं म्हणजे स्वतःहून ऊन लावून घेणं. तेव्हा मोबाइलवरून बाइक टॅक्सी किंवा ऑटो बोलवा आणि उतरण्याचं ठिकाण 'एअरपोर्ट मेट्रो स्टेशन' टाका. स्टेशनपर्यंत नेणारी फीडर बस उभी दिसली तर उत्तम, पण तिच्या भरवशावर विमानाची वेळ ठरवू नका.

बाहेरगावच्यांसाठी एक शब्द. आम्ही नागपूरकर तीनचाकीला 'ऑटो'च म्हणतो. पुण्या-मुंबईच्या सवयीने 'रिक्षा' म्हणाल तर जुनी माणसं सायकलरिक्षा समजतात.

दुसरी गोष्ट स्टेशनांच्या नावांची. यात नवी माणसं हमखास चुकतात. ऑरेंज लाइनवर, म्हणजे विमानतळाला शहराशी जोडणाऱ्या मार्गावर, 'एअरपोर्ट', 'एअरपोर्ट साउथ' आणि 'न्यू एअरपोर्ट' अशी तीन स्टेशनं ओळीने आहेत, त्यानंतर खापरी आलं की मार्ग संपला. शहरातून विमान पकडायला निघालात तर उज्ज्वल नगरनंतर लगेच येणारं नुसतं 'एअरपोर्ट' हे तुमचं स्टेशन. 'न्यू एअरपोर्ट' हे नाव ऐकून नवीन टर्मिनल तिकडेच असेल असं वाटतं, पण ते स्टेशन पुढे मिहान या उद्योग प्रकल्पाच्या बाजूला आहे. माझ्या डब्यात एक तरुण जोडपं दाराजवळच्या नकाशावर बोट ठेवून याच तीन नावांवर अडलं होतं.

विमानतळावरून शहरात येताना 'ऑटोमोटिव्ह चौक' असं लिहिलेली गाडी धरा. आत शिरताना बॅग स्कॅनरमधून जाते, त्यासाठी दोन-चार मिनिटं हाताशी ठेवा. मला तिकिटाला त्या तीनशेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच पैसे लागले. गाडी दुपारी निम्मी रिकामी होती.

आणि मग तो वर्धा रोडचा डबल डेकर. मी आधी रस्त्यावरून पाहिला होता, वरून पहिल्यांदाच पाहत होते. सगळ्यात खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर आपली गाडी. पूल आणि मेट्रो दोन्ही खांबांच्या एकाच रांगेवर उभे आहेत. लांबी 3.14 किलोमीटर. 2022 मध्ये त्याची गिनीज बुकात नोंद झाली. छत्रपती नगर, जयप्रकाश नगर आणि उज्ज्वल नगर ही तीन स्टेशनं याच पुलावर आहेत. छत्रपती चौकात आधी एक उड्डाणपूल होता, 2016 मध्ये तो पाडला. तेव्हा धडधाकट पूल का पाडता म्हणून शहरात खूप बोललं गेलं, मीही बोलले होते. आता त्याच चौकावरून गाडी सिग्नलला न अडकता जाते आणि खाली सिग्नलला लागलेली रांग दिसते, तेव्हा माझं मत बदललं हे मान्य करायला हवं.

पुढे अजनी चौक, मग सेंट्रल जेलचा परिसर, रहाटे कॉलनी. दीक्षाभूमीला जाणाऱ्यांनी रहाटे कॉलनीला उतरावं, तिथून ऑटोने थोडंच अंतर आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास येणार असाल तर रस्त्याने जायचं मनातही आणू नका. एअरपोर्टपासून मोजलं तर सातवं स्टेशन सीताबर्डी. मला पाव तासाहून थोडं जास्त लागलं. खाली बर्डीवर ढोल आणि घोषणा ऐकू येत होत्या, आणि मी वरच्या वर गाडी बदलत होते.

बदलायचं सोपं आहे. बाहेर पडायचं नाही, नवं तिकीट काढायचं नाही, फक्त मजला बदलायचा. शंकरनगर ॲक्वा लाइनवर आहे, म्हणजे सीताबर्डीला ऑरेंज लाइनला छेदणाऱ्या दुसऱ्या मार्गावर. तिची एक बाजू लोकमान्य नगरकडे जाते, म्हणजे झाशी राणी चौक, शंकरनगर, सुभाष नगर, हिंगण्याच्या दिशेने. दुसरी प्रजापती नगरकडे, म्हणजे कॉटन मार्केट, रेल्वे स्टेशन, अग्रसेन चौक, पूर्व नागपूर. विमानातून उतरून पुढे रेल्वे पकडायची असेल तर हा मार्ग फार सोयीचा आहे. एसटीने जाणाऱ्यांसाठी मात्र गणेशपेठ बसस्थानक मेट्रोच्या दारात नाही. कॉटन मार्केटला उतरून पुढे ऑटो करावा लागतो. आणि वेळ असेल तर ऑरेंज लाइननेच सीताबर्डीच्या पुढे दोन स्टेशनं जा, कस्तुरचंद पार्कला उतरा, तर्री पोहे खा. प्रवासाच्या माहितीत हे बसत नाही, पण नागपूरला येऊन ते न खाता जाणं मला बघवत नाही.

आता परतीचं. आई बाहत्तर वर्षांची, गुडघे दुखतात, आणि सोबत संत्र्यांची छोटी पेटी. "काहून गं, टॅक्सी नाही का मिळत?" ती दोनदा म्हणाली. शंकरनगरला लिफ्ट होती, सीताबर्डीला मजला बदलायलाही लिफ्ट होती, एअरपोर्टला खाली उतरायलाही लिफ्ट. एकही पायरी तिला चढावी लागली नाही. खिडकीला बसून ती खाली बघत होती. "किती उंचावरून जाऊन राहिली ही," म्हणाली आणि जयप्रकाश नगरला एका मैत्रिणीचं जुनं घर शोधायला लागली. एअरपोर्टला उतरल्यावर ऑटो मिळाला. ऑटोवाल्या दादांनी पेटी आपल्या पायाशी घेतली. "मावशी, आरामानं बसा जी, दोन मिनिटांचं काम आहे." टर्मिनलवरून निघताना ऑटो मिळणं कठीण आणि स्टेशनवरून जाताना सोपं, असा माझा अनुभव. म्हणून ज्येष्ठांना घेऊन विमानतळावर जाताना मेट्रो बिनधास्त वापरा. त्यांना घेऊन उतरत असाल तर टर्मिनलवरून ऑटो आधीच बोलावून ठेवा.

वेळ मात्र नीट बघा. मेट्रो सकाळी सहाला सुरू होते आणि रात्री दहाच्या सुमारास बंद होते. पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्रीच टॅक्सी सांगून ठेवा. रात्री उशिरा उतरत असाल तरी तसंच. नऊच्या पुढे उतरणार असाल तर मेट्रो धरूच नका, कारण सामान येईपर्यंत आणि तो दीड किलोमीटर होईपर्यंत शेवटची गाडी गेलेली असेल.

ही गोष्ट मला मनापासून खटकते. 1949 ते 1973 या काळात याच सोनेगावला रोज रात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून टपालाची विमानं उतरायची. मध्यरात्री थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परत पोहोचायची. देशाच्या मध्यावर असण्याचा फायदा या शहराने रात्रीच करून दाखवला होता. आता शेवटचं विमान उतरल्यावर एक गाडी सुटावी आणि टर्मिनलच्या दारातून स्टेशनापर्यंत दर दहा मिनिटांनी एखादी लहान बस फिरावी, एवढंच हवं आहे. खांब उभे आहेत, गाड्या आहेत, लिफ्ट आहेत. राहिलाय तो एक-दीड किलोमीटर.

लोहगावला उतरलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. आईने पेटी घट्ट धरली आणि विचारलं, "इथली मेट्रो कुठून आहे?"

"रामवाडीहून. तिथपर्यंत रिक्षा करावी लागेल."

"म्हणजे इथंही ऑटोच," ती म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.